कॉफीच्या झाडाचं पाणी

"नवीन पान आलं का?" फोन उचलल्या उचलल्या विक्रांतने विचारलं.

मी खिडकीशी जाऊन गुडघ्यांवर बसले. झाड हातभर उंचीचं होतं. पुण्याहून निघताना त्याच्या शेंड्याला एक हिरवा कोंब होता, तो अजून तसाच मिटलेला होता.

"नाही."

"जुनी?"

"कडा करपल्यात. काही गळली."

"करपल्या आहेत," तो हळूच म्हणाला. विक्रांतचा आवाज कधी चढत नसे. "पडदा अर्धाच असतो ना?"

"हो."

"आज सोमवार."

"दिलं पाणी. रात्रभर पातेल्यात ठेवलेलं. अर्धा पेला."

"पानं पुसलीस?"

"पुसली."

"मग इथे जगत होतं, ते तिथे का मरतंय?"

मी मिटलेल्या कोंबाला बोट लावून बघितलं. "बघू," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मी कशी आहे हे त्याने विचारलं नाही. ते मला खटकलंही नाही. मीसुद्धा झाडाबद्दलच्या उत्तरांची तयारी करून बसले होते.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. वाकडचं आमचं घर सोडून कोल्हापूरला दादाकडे येऊन मला जेमतेम पंधरवडा झाला होता. 'सोडून' हा शब्द मात्र मी कुणापाशी उच्चारला नव्हता. एका सोमवारी विक्रांत ऑफिसला गेल्यावर मी बॅगेत कपडे भरले, कुंडी एका पिशवीत बसवली आणि स्वारगेट गाठलं. एसटीत ती कुंडी मांडीवर घेऊन बसले. गाडी मधे थांबली तेव्हा सगळे चहाला उतरले. मी उतरले नाही. कुंडी ठेवणार कुठे?

दार वहिनींनी उघडलं. काखेत हेल्मेट, हातात स्कूटरची किल्ली.

"अगंबाई, अनु? आणि हे काय?"

"कॉफीचं झाड."

"कॉफीला झाड असतं?" त्यांनी पिशवीत डोकावलं. "मला वाटायचं, डब्यातच उगवते. ये, आत ये. मी क्लासला निघालो होतो. आता नाही जात."

वहिनी कागलकडच्या. स्वतःबद्दल 'मी आलो, मी जातो' असंच बोलायच्या. आमच्या भागातल्या पुष्कळ बायका तसं बोलतात. मीही बोलायचे. विक्रांतने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच ती सवय मोडून काढली. पुण्यात लोक हसतात, म्हणाला. मला ते पटलंही होतं.

झाड त्याचंच. चिकमगळूरला फिरायला गेलो होतो तेव्हा एका मळ्यातून बोटभर रोप आणलेलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवायचा. पुण्याच्या कोरड्या हवेत, फ्लॅटच्या आत, कॉफी जगवणं सोपं नाही म्हणायचा, आणि ते खरंच होतं. पाणी सोमवारी आणि गुरुवारी. रविवारी कुंडी थोडी फिरवायची. पानं ओल्या कापसाने पुसायची, पण देठाला धक्का लागू द्यायचा नाही. हे सगळं करायचे मी. पण झाड त्याचं.

मी आले त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर दादाने मला गॅलरीत बोलावलं. दादा शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. भट्टीच्या आवाजात बोलून बोलून त्याला घरातही ओरडायची सवय. त्या दिवशी मात्र हळू बोलत होता.

"मारतो?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"बाहेर काही लफडं?"

"नाही रे दादा."

"मग?"

मग काय, हे मला खरंच सांगता येत नव्हतं. विक्रांतने माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. मला ताप आला की रजा टाकून घरी बसायचा. सांगण्यासारखं एक धड वाक्य माझ्याकडे नव्हतं. एवढंच, की संध्याकाळी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला की मी हातातलं टाकून घरभर बघायचे, काही चुकलंय का. हे दादाला कसं सांगणार? लिफ्ट थांबते म्हणून घर सोडून आले?

"चार दिवस राहा," दादा म्हणाला. "डोकं शांत होईल. मग मी स्वतः सोडून येतो तुला."

डोकं काही शांत झालं नाही. मला एका जागी बसवत नव्हतं. पुसलेला ओटा पुन्हा पुसायचे. वाळलेले कपडे घडी घालून, मोडून, पुन्हा घडी घालायचे. टीव्ही लावला की दोन मिनिटांत उठून खिडकीशी जायचे. झाडाकडे बघायचे, माती चाचपायचे, पडदा बोटभर सरकवायचे, परत पहिल्यासारखा करायचे. आणि रोज एखादं पान गळायचंच. फरशीवर पडलेलं पान दिसलं की मी ते पटकन मुठीत लपवायचे. कुणापासून, ते माहीत नाही. घरात त्याकडे बघणारं कुणी नव्हतंच.

"परत जायचंय का नाही, ते एकदा ठरव बाई," वहिनी एक दिवस म्हणाल्या. "असं अधांतरी लटकणं वाईट."

मला वाटलं, वहिनींना माझी अडचण होऊ लागली. दोन खोल्यांचं घर. दुसऱ्या दिवसापासून मी जास्तच कामं ओढून घ्यायला लागले.

वहिनी बायकांना स्कूटर शिकवायच्या. जवळच्या एका शाळेच्या मैदानावर सकाळी क्लास असायचा. मी घरात येरझाऱ्या घालते हे बघून त्यांनी एकदा मला ओढूनच नेलं. मैदानात एक पन्नाशीच्या बाई स्कूटरवर होत्या. वहिनी बाजूने पळत होत्या.

"ब्रेक! ब्रेक दाबा! अहो माझ्या तोंडाकडं काय बघताय? माझ्या तोंडावर ब्रेक आहे काय? पुढं बघा!"

बाई कुंपणाच्या तारेपाशी जाऊन थांबल्या. सगळ्या हसल्या, त्या बाईसुद्धा.

"पहिले आठ दिवस सगळ्यांचं असंच," वहिनी धापा टाकत माझ्याकडे आल्या. "ब्रेक दाबायचा झाला तरी आधी माझ्याकडं बघणार. घरात तीच सवय असते ना! चल, तू बस आता."

"मी?"

"मग काय मी? मला येते."

"नको वहिनी. विक्रांतला नाही आवडत. रहदारीत भीती वाटते त्याला, माझ्यासाठी."

"इथं कुठं रहदारी आहे? मैदान आहे."

मी नुसती हसले. वहिनींनी पुन्हा आग्रह केला नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तो प्रकार झाला. वहिनी उन्हातून आल्या, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या आणि उरलेलं, जाता जाता, सहज कुंडीत ओतलं.

मी किंचाळले. हातातलं ताट खाली पडलं. धावत जाऊन मी कुंडीतली ओली माती दोन्ही हातांनी उपसायला लागले. चिखल फरशीवर, माझ्या कपड्यांवर. मुळं तुटू नयेत म्हणून बोटं आखडत होते आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होते.

"अगं अनु! अनु! पाणीच घातलंय मी. ॲसिड नाही घातलं!"

"आज बुधवार आहे!"

"मग?"

"बुधवारी नाही घालायचं!"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या. माझी मनगटं धरून त्यांनी माझे हात कुंडीतून बाहेर काढले आणि पदराने पुसले.

"बरं," त्या म्हणाल्या. "नाही घालणार."

संध्याकाळी विक्रांतचा फोन आला. मी सांगितलं नसतं तर त्याला कळायचं काही कारण नव्हतं. पण त्याने "सगळं ठीक?" एवढंच विचारलं आणि मी भडाभडा सगळं बोलून मोकळी झाले. पाणी किती पडलं, माती किती काढली, कोरडी माती कुठून आणून घातली.

"मी येतो रविवारी," तो म्हणाला. "तुला आणि झाडाला, दोघांना घेऊन जातो."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू? वाटलं, चला, आता मला काही ठरवायला नको.

रविवारी तो आला तो दादासाठी आंबा बर्फी आणि वहिनींसाठी उन्हाची टोपी घेऊन. "मैदानात उभ्या असता ना तुम्ही," म्हणाला. दादा खूश. त्याने स्वतः मटण केलं होतं. ताटं वाढली तेव्हा विक्रांतने माझ्या ताटातली तांबड्या रश्श्याची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि तिथे दही ठेवलं.

"अनुला तिखट सोसत नाही."

"हिला?" दादा हसला. "लहानपणी वाटी संपवून वर कट मागायची ही."

"आता नाही सोसत," विक्रांत म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. मीही मान हलवली.

मी पोळ्या आणायला आत गेले तेव्हा दादा मागून आला. "बघितलंस? किती जपतो तुला. आणि तू वेड्यासारखी निघून आलीस." त्याच्या आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखा वाटत होता तो.

माझी बॅग दारापाशी भरून ठेवली होती.

जेवणानंतर विक्रांत झाडापाशी बसला. खिशातून पांढरा रुमाल काढला, एकेक पान हातावर घेऊन बघितलं. करपलेली पानं नखाने इतकी अलगद खुडली की फांदी हललीसुद्धा नाही. दादा कौतुकाने बघत होता.

"मुळाशी ओल राहिली," विक्रांत म्हणाला.

"माझं काम ते, दाजी," वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "काय फाशी द्यायची ती मला द्या."

"तुमची चूक नाही वहिनी. तुम्हाला काय माहीत? अनुने सांगायला हवं होतं." त्याने मातीत बोट घालून बघितलं. "वर मात्र कोरडी पडली आहे. प्रवासाआधी थोडं द्यावं लागेल. अनु, आण बघू. पाव पेला."

मी पातेल्यातलं पाणी पेल्यात घेऊन आले. कुंडीवर पेला वाकडा केला. थोडं पाणी पडल्यावर थांबले आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने किंचित मान हलवली. मी आणखी थोडं घातलं. पुन्हा थांबले, पुन्हा बघितलं. त्याने बोट वर केलं. मी पेला सरळ केला.

यात मला वेगळं काही वाटलं नाही. झाडाला पाणी आम्ही नेहमी असंच घालायचो, तो घरी असला की.

"काय गं," वहिनी म्हणाल्या, "तुला तहान लागली तर तेही यांना विचारूनच पितेस काय?"

दादा मोठ्याने हसला. विक्रांतही हसला. वहिनी हसल्या नाहीत, पण तो विनोदच होता.

मी हसले नाही, कारण मी खरंच आठवत होते.

"दिवसा नाही विचारत," मी म्हणाले. "रात्री विचारते."

दादाचं हसू अजून संपलं नव्हतं. "काय?"

"रात्री पाणी प्यायलं की मला मधे उठावं लागतं. मग त्याची झोप मोडते, आणि सकाळी ऑफिस असतं. म्हणून आधी विचारते." सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी समजावून सांगायला गेले. "तसं काही नाही. उन्हाळ्यात तो कधी कधी हो म्हणतो."

ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला ऐकू आलं. चार वर्षं मी हे रोज जगत होते. पण कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे कधी ऐकलंही नव्हतं. आता त्या खोलीत, दादाच्या समोर, वहिनींच्या समोर ते ऐकू आलं, आणि मी हातातला पेला खाली ठेवून दिला.

"अगं, काय बोलतेस!" विक्रांत अजून हसतच होता. "असं सांगितलंस तर लोकांना काय वाटेल? दादा, अहो तिच्या तब्येतीसाठीच. रात्री पाणी पिणं चांगलं नसतं. डॉक्टरच सांगतात."

"कुठले डॉक्टर?" वहिनींनी विचारलं.

"कुठलेही. सवयीचा प्रश्न आहे. सवय लावली तर सगळं होतं."

दादा भिंतीकडे बघत होता. त्याच्या मानेवरची शीर फुगली होती. मला वाटलं, आता हा ओरडणार. तो ओरडला नाही.

"दाजी," तो म्हणाला, "तुमची गाडी उन्हात लागलीय."

"नाही, झाडाखाली आहे. सावलीत."

"उन्हात आहे," दादा म्हणाला. "जाऊन बघा."

विक्रांतला कळलं. त्याने रुमालाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि उभा राहिला. तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही.

"अनुजा, बॅग घे."

बॅग दोन पावलांवर होती. मी तिच्याकडे बघितलं. मग सवयीने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो किंचित मान हलवत होता, मघाशी पाण्यासाठी हलवली तशीच.

"मी नाही येत," मी म्हणाले. आवाज फाटका निघाला. माझी नजर त्याच्याच चेहऱ्यावर होती, ती काही मला काढता आली नाही.

"आत्ता तू चिडली आहेस."

"नाही."

"मग भीती वाटतेय तुला. मला कळतंय ते." तो वाट बघत राहिला. वहिनी चौकट सोडून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मला हात लावला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या.

"ठीक आहे," विक्रांत शेवटी म्हणाला. "झाड मी घेऊन जातो."

तो कुंडीला हात घालायला वाकला, आणि का कोण जाणे, मी आधी वाकले. माझा हात कुंडीच्या काठावर पडला.

"राहू दे."

"इथे मरेल ते."

"राहू दे, म्हटलं ना."

"तुला नाही जमणार, अनु. आत्ताच सांगून ठेवतो. मारशील तू ते."

तो गेला. जिन्यावरून खाली जाणारी पावलं ऐकू आली. दादाच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले नाही, हे मला चांगलं आठवतं. रडू येईल अशी वाट बघत बसले होते. दादा गॅलरीत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, गाडी सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत. वहिनींनी माझी बॅग उचलून आत ठेवली.

"वहिनी," मी म्हणाले, "तुम्हाला त्रास होतोय माहीत आहे मला. मी लवकरच दुसरीकडे..."

"कसला त्रास?"

"तुम्ही म्हणालात ना, परत जायचं का नाही ते ठरव."

"मग ठरव म्हणालो, जा म्हणालो काय?"

एवढ्या दिवसांत 'नाही' हेही एक उत्तर असू शकतं, असं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

लगेच सगळं चांगलं झालं, असं नाही. सुटका झाली की माणूस मोकळा होतो म्हणतात. मी उलट जास्त तळमळायला लागले. रात्री उठून पाणी प्यायचे, तहान नसली तरी. दिवसभर वाटायचं, काहीतरी करायचं राहिलंय, आता कुणीतरी विचारेल. फोन रोज यायचा. पहिले काही दिवस मी उचलला, मग दादाने उचलला, मग यायचा बंद झाला.

आणि झाडाला मी वाटेल तेव्हा पाणी घालायला लागले. सकाळी घालायचे, दुपारी आठवण झाली की घालायचे. गुरुवारी मुद्दाम घालायचे नाही, आणि शुक्रवारी दुप्पट घालायचे. एकदा वाटलं, याला ऊन हवं असेल, म्हणून गॅलरीत ठेवलं. पडदा पूर्ण उघडा टाकला. पानं पुसणं सोडलं. पहिल्या आठवड्यात तो मिटलेला कोंब उघडला. दोन चिमुकली चकचकीत पानं आली. ती बघून मी घरभर नाचले. त्याच्या पुढच्या आठवड्यात ती काळी पडली. मातीला आंबूस वास यायला लागला. एका सकाळी मी खोडाला हात लावला तर ते बुंध्यापाशी मऊ लागलं आणि तसंच माझ्या हातात आलं.

विक्रांत म्हणाला होता, तसंच झालं होतं. मी मारलं होतं ते.

पुढे कोर्टात दोनेक वर्षं गेली. मी इथेच एका पतसंस्थेत नोकरी धरली, नंतर स्वतःचं छोटं घर केलं. स्कूटर शिकले. त्यातल्या कुठल्याच दिवसाबद्दल मला फारसं सांगावंसं वाटत नाही. सांगावासा वाटतो तो हाच, झाड मेलं तो.

खोड हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी भाकऱ्या थापत होत्या.

"मेलं," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवून बघितलं. "मेलं होय?" त्या म्हणाल्या. "घंटागाडी येईल आत्ता, तीत टाक. कुंडी चांगली आहे, ती ठेव." आणि परत भाकरीकडे वळल्या.

मी टाकून आले. दिवसभर कामात होते, पण कान वहिनींकडे होते. त्या क्लासला गेल्या, आल्या, जेवल्या, पंख्याखाली जरा आडव्या झाल्या. झाडाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, दादा आल्यावर निघेल. दादा संध्याकाळी आला. खिडकीपाशी मोकळी जागा बघून म्हणाला, "इथं खुर्ची ओढा की. वारं चांगलं येतं." आणि तो खुर्ची ओढून बसला.

रात्री जेवताना त्याने ताक मागितलं. मी वाढलं. तो आता तरी झाडाबद्दल काही म्हणेल म्हणून तांब्या हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. तो जेवत होता. थोड्या वेळाने त्याने वर बघितलं.

"काय गं?"

"काही नाही," मी म्हणाले. मग माझं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यात जाऊन बसले.